भाकड म्हणायचं नाही

जगातल्या यच्चयावत मादी जातीविषयी माझ्या थोरल्या वन्संना जेवढी कळकळ आहे, तेवढी ती जात घडवणाऱ्या ब्रह्मदेवालाही नसावी. म्हैस, गाय, शेळी, मांजर, बाजारातली सुरमई, यांपैकी कोणाच्याही पोटात काय चाललंय याची चौकशी केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. लोकांना भेटल्यावर आपण "कसं काय, बरंय ना?" म्हणतो. वन्सं गोठ्यापाशी उभ्या राहून "हिचा माज कधी झाला?" असं विचारतात, आणि तेही अशा आवाजात की पलीकडच्या बसस्टॉपवरची चार माणसं आपल्यालाच विचारलं असं समजून दचकतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही; का केलं नाही ते पुढे येईलच. जनावरांच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी अख्खी नोकरी काढली, आणि त्या नोकरीत त्यांनी एकच गोष्ट पाहिली: म्हशीचा बीजांडकोश. कत्तलखान्यातून रोज बर्फाच्या डब्यात बीजांडकोश यायचे. वन्सं ते धुवायच्या, मोजायच्या, पातळ काप काढून काचेवर ठेवायच्या आणि संध्याकाळपर्यंत सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या निरीक्षणांवर पुढे ज्यांचं नाव झालं त्या साहेबांनी आपल्या लेखाच्या शेवटी त्यांचे आभारही मानले होते. आडनाव चुकलं होतं, पण आभार खरे होते. वन्सं सांगतात, "अगं, म्हशीला काय फरक पडतो कोणाचं नाव छापलं त्याने?" म्हशीला पडत नसेल. मला मात्र त्या साहेबांचं नाव अजून पाठ आहे.

आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहतो आणि वन्सं गोडदेवात, दुसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये. मधलं अंतर शेअर रिक्षाचं. त्या रिक्षातून वन्संबरोबर जाणं म्हणजे एक परीक्षाच असते. त्या बसल्या की शेजारच्या बाईशी बोलणं सुरू होतं, आणि दुसऱ्या सिग्नलपर्यंत बोलणं बीजांडकोशावर आलेलं असतं. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत हात जोडले. "मॅडम, जरा धीरे. सवारी लोग सुन रहे हैं." वन्सं म्हणाल्या, "सुनने दो. तुम्हारे गाँव में भैंस है?" त्याने "है" म्हणून कबुली दिली आणि फसला. आम्ही उतरलो तरी त्याची सुटका झाली नव्हती. रिक्षा बाजूला घेऊन तो गावाकडची म्हैस गर्मीत गाभण का राहत नाही हे वन्संना विचारत होता, आणि मागे सहा रिक्षा हॉर्न वाजवत होत्या.

मासळीबाजारात तर त्यांना बघून कोळणी पाट्या झाकतात. वन्सं मासा घेत नाहीत, गाबोळी तपासतात. गाबोळी म्हणजे माशाच्या मादीचा बीजांडकोशच, हे त्या दर खेपेला नव्याने सांगतात, तेही एखादी बाई गाबोळी घेऊन पिशवीत टाकत असतानाच. ती बाई पिशवीत बघते, वन्संकडे बघते आणि गाबोळी परत ठेवते. एका कोळणीने शेवटी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "बाय, तुला घ्यायची हाय का नुसती बघायची हाय?" वन्सं चष्मा सारखा करत म्हणाल्या, "बघायची. अजून पिकलेली नाही ही." कोळीण म्हणाली, "मी पन पिकलीय तुला बघून. जा आता."

लग्नाचं सांगायचं राहिलं. सासूबाई सांगायच्या ती गोष्ट अशी. रत्नागिरीकडचं एक बरं स्थळ वन्संना बघायला आलं होतं. मुलगा बँकेत. पोहे आले. मुलाने सभ्यपणे विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करता?" आता अशा वेळी मुलीने "लॅबमध्ये आहे" म्हणून खाली बघायचं असतं. वन्संनी सांगितलं. नेमकं सांगितलं. डब्यात बर्फ किती असतो इथपासून सुरुवात केली आणि कापावर गुलाबी रंग कसा चढतो तिथपर्यंत आल्या तेव्हा मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली होती. पुन्हा कोणी आलं नाही. सासूबाईंनी जन्मभर कपाळावर हात मारला. वन्संचं म्हणणं वेगळं होतं. "अर्धे पोहे टाकून उठणारा माणूस. त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं म्हणजे रोज अर्ध्यावर उठणार तो."

त्यांची शिकवण मीही घेतली आहे, सक्तीने. लग्न होऊन आले त्याच महिन्यात त्यांनी मला समोर बसवून लग्नपत्रिकेच्या पाठीवर चित्र काढलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी. तिथून संप्रेरक सुटतं, रक्तात मिसळतं आणि म्हशीच्या अंगभर फिरतं. शिंगापाशी जातं, खुरापाशी जातं. पण शिंगाला काही होत नाही आणि खुरालाही काही होत नाही. जागा होतो तो बीजांडकोशच. का? कारण त्याच्याच पेशींवर त्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही असतात. "सांगावा सगळ्या गावाला जातो गं, पण कळतो ज्याला ग्राही आहेत त्यालाच." मग त्या पुटिकांवर, म्हणजे बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्यांवर यायच्या. एका वेळी कितीतरी पुटिका वाढायला लागतात. त्यांतल्या एकीलाच पुढच्या संप्रेरकाचे ग्राही वेळेवर फुटतात, ती मोठी होते, तिच्यातून बीज सुटतं. बाकीच्या सुकून जातात. इथे त्यांचं पेन्सिलचं टोक त्या सुकलेल्यांवर जरा वेळ थांबायचं. "वाईट नसतात त्या. वेळ साधत नाही, एवढंच."

सासूबाईंवरही त्यांनी हे शास्त्र वापरून पाहिलं. सासूबाई एकच तक्रार दिवसातून वीस वेळा करायच्या. वन्संनी त्यांना समजावलं, "आई, एकच संप्रेरक सारखं टोचत राहिलं ना, की पेशी ग्राही आत ओढून घेतात. मग काहीच पोचत नाही. तू थांबून थांबून बोल, परिणाम होईल." सासूबाई दोन दिवस थांबून बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्हशींत राहून हिची जीभ म्हशीसारखी झालीय."

एका शब्दाने मात्र वन्संचा तोल जायचा. भाकड. गोडदेवात त्यांच्या इमारतीमागे एका आगरी म्हाताऱ्याचा जुना गोठा होता, उरलेल्या दोन म्हशींचा. त्यातल्या एकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बाय, दोन वर्सं झाली, माजावर येत न्हाय. भाकड हाय ती. देऊन टाकतो." कोणाला देणार ते वन्संना सांगायची गरज नव्हती; तसे बीजांडकोश त्यांनी आयुष्यभर धुतले होते. त्या कडाडल्या, "भाकड म्हणायचं नाही! तुम्ही बघितलंत का आत?" म्हातारा गोंधळला. आत कसं बघणार? मग वन्संनी त्याला मुका माज समजावला. उन्हाळ्यात म्हशीची संप्रेरकं मंद होतात. ती ओरडत नाही, बेचैन होत नाही, सोट म्हणजे तो चिकट स्राव, तोही दिसत नाही. पण आत पुटिका वाढते, बीज पिकतं, सुटतं आणि वाया जातं. मालक म्हणतो, बिघडलीय. "बिघडलेली नसते हो. तिचं तुम्हाला कळत नाही, हा तिचा गुन्हा?"

जनावरांच्या एका ओळखीच्या सरकारी डॉक्टरांना त्यांनी पकडून आणलं. त्यांनी हात घालून तपासलं आणि बीजांडकोश कामात असल्याचं सांगितलं. मग वन्सं रोज पहाटे गोठ्यात जाऊन उभ्या राहायला लागल्या. आसपासच्या इमारतींतले लोक दुधाच्या पिशव्या घ्यायला निघायचे तेव्हा एक चष्मेवाली बाई म्हशीच्या शेपटीखाली टॉर्च मारून बघत असायची. अठराव्या दिवशी माज ओळखून त्यांनी डॉक्टरांना रेतनासाठी फोन केला. म्हैस गाभण राहिली. दहा महिन्यांनी म्हातारा खरवसाचं पातेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढून आला आणि दारातच रडला. पुढच्या वर्षी त्याच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली आणि म्हशी, पारडी, सगळं एकाच टेम्पोत गेलं. वन्सं चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पण खरवस मिळाला होता, तो त्यांनी आम्हालाही पाठवला होता.

आमच्या घरातली भाकड मी होते.

हा शब्द कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. माणसांसाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे गप्प बसण्याच्या तऱ्हा आहेत. लग्नाला पाचवं वर्ष लागलं तेव्हा सासूबाईंनी मला एका केंद्रात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. जी संप्रेरकं लग्नपत्रिकेच्या पाठीवर पाहिली होती तीच आता छोट्या बाटल्यांतून माझ्या पोटात जायला लागली. मला स्वतःला टोचता यायचं नाही, म्हणून वन्सं रोज रिक्षाने येऊन टोचून जायच्या. हात हलका होता त्यांचा. टोचताना त्या बोलत राहायच्या आणि संपलं तरी मला कळायचं नाही. सोनोग्राफीचा कागद त्या उजेडात धरून वाचायच्या, जशा दुसऱ्या बायका भाच्याचं प्रगतिपुस्तक वाचतात. "डावीकडे तीन, उजवीकडे चार. छान वाढल्यात गं! तुझं काही बिघडलेलं नाही." आणि प्रत्येक वेळी कागद परत देताना विचारायच्या, "आणि बाबूचा रिपोर्ट?"

बाबू म्हणजे माझा नवरा. चाळिशीला आलेल्या, कंपनीत हाताखाली तीस माणसं असलेल्या माणसाला वन्सं बाबू म्हणतात. मी सांगायचे, करणार आहेत. ते करणार नव्हते. मी एकदा विषय काढला तर ताट सरकवून उठले. "मला काय झालंय?" म्हणाले. काय झालंय हे बघण्यासाठीच तपासायचं असतं, हे मला म्हणता आलं नाही. त्यापेक्षा पोटात सुई सोपी होती.

सातव्या वर्षी माझ्या चुलत जावेचं डोहाळजेवण आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. फुलांची वाडी भरलेली, चाळीसेक बायका, पंगतीला पुरणपोळी. ओटी भरायची वेळ आली. मी ताम्हण घेऊन उठले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. हळूच, पण सगळ्यांना दिसेल असं. "तू राहू दे," म्हणाल्या.

मी राहू दिलं. खाली बसले. कोणीतरी पंखा वाढवला.

वन्सं पुरणपोळी खात होत्या. त्यांनी तूप लागलेली बोटं नीट पुसली आणि उभ्या राहिल्या. "आई, ताम्हण दे तिला."

"तू मध्ये बोलू नकोस."

"दे तिला. तिचे बीजांडकोश तुझ्या इथल्या निम्म्या बायकांपेक्षा चांगले आहेत, मी कागद बघितलेत." माणूस शहाणा असता तर इथे थांबला असता. वन्सं थांबल्या नाहीत. "दोन वर्षं त्या पोरीला टोचताय. अगं, गोठ्यातसुद्धा म्हैस राहिली नाही तर आधी रेडा तपासतात!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि त्याच वेळी हे दारात उभे होते, सरबताचा कॅन घेऊन. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "ताई," ते म्हणाले, "तू आत्ताच्या आत्ता निघ."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी बोलले. "जा तुम्ही वन्सं. माझ्या घरच्या कार्यात तमाशा नको."

वन्संनी पर्स उचलली, जावेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन मी स्वतः टोचून घेतलं. काळंनिळं झालं.

दोन वर्षांनी केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं की नवऱ्याचा रिपोर्ट असल्याशिवाय पुढे काही करणार नाही. हे गेले, मुकाट्याने गेले. रिपोर्टमध्ये शून्य होतं. इतकं साधं शून्य, की मी कागद उलटून मागे काही आहे का बघितलं. रिक्षात हे बाहेर बघत बसले होते. शांती नगरचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "आईला कळता कामा नये." थोड्या वेळाने म्हणाले, "कोणालाच नको." मी हो म्हटलं. मी चांगली बायको होते. सासूबाई पुढल्या वर्षी गेल्या, माझ्यातच खोट होती असं धरून गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरून मला माफ केलं. मी माफी घेतली. तेराव्याला वन्सं आल्या, कोपऱ्यात बसल्या, यांच्याशी बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "बारीक झालीस." मला तेव्हाही सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मला एका हॉस्पिटलातून फोन आला. पेशंटच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या जागी माझं नाव आणि नंबर होता. नातं: भावजय. वन्संच्या बीजांडकोशावर लिंबाएवढी गाठ निघाली होती आणि डॉक्टर दोन्ही काढणार होते. सहीला माणूस हवा होता. यांना न सांगता मी गेले. इतक्या वर्षांनी समोर आले तर वन्सं म्हणाल्या, "आलीस? त्या डॉक्टरला सांग, काढल्यावर मला दाखव म्हणावं. मी सांगितलं तर हसतो तो."

ऑपरेशन झाल्यावर तरुण सर्जन ट्रे घेऊन मला दाखवायला बाहेर आला, तशी पद्धत असते. मी म्हटलं, त्यांना बघायचंय. तो म्हणाला, "अहो, पेशंटला कोणी दाखवतं का?" संध्याकाळी वन्सं शुद्धीवर आल्या त्या हेच विचारत. तपासायला पाठवायची बरणी अजून गेली नव्हती. त्यांनी कॉटवरून सर्जनला सुनावलं, "अहो, हजारो म्हशींचे बघितलेत मी. स्वतःचे एकदा तरी नकोत बघायला?" तो बिचारा बरणी घेऊन आला. वन्संनी माझ्याकडून चष्मा मागितला. बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितलं, फिरवून बघितलं. "गाठ साधी दिसतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढे तपासणीत ती साधीच निघाली. बरणी परत देताना म्हणाल्या, "वयाच्या मानाने बरे आहेत. कामाला आले नाहीत, एवढंच."

सर्जन गेल्यावर मी सांगून टाकलं. "वन्सं, यांचा रिपोर्ट केला होता. शून्य आला."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? नववीत असताना गालगुंडं झाली होती त्याला. खाली वृषणांपर्यंत उतरली होती. आठ दिवस तापाने फणफणला होता, आई गावाला होती, मीच सगळं बघत होते. याला मूल होईल का, ही शंका तेव्हापासून मनात होती."

मी उभी होते ती स्टुलावर बसले. "मग त्या दिवशी हॉलमध्ये का नाही बोललात हे? सगळ्यांची तोंडं बंद झाली असती!"

वन्संनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी त्यांनी रिक्षात, बाजारात, कुठेच कोणाकडे टाकली नव्हती. "चाळीस बायकांत माझ्या भावाची गालगुंडं काढायची? एवढी लाज मलाही आहे गं. तपास म्हटलं, ते पुष्कळ होतं. गेला असता, त्याचं त्याला कळलं असतं, तू सुटली असतीस."

आणि त्यालाच मी तमाशा म्हटलं होतं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात हलवून थांबवलं आणि नर्सला हाक मारून विचारलं की इथे जेवायला काय देतात.

मी महिनाभर गोडदेवात राहिले. यांना फोनवर सांगितलं, "ताईंकडे आहे. त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्यापासून." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढच्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर हे खाली, समोरच्या किराणा दुकानाच्या सावलीत उभे. हातात शहाळ्यांची पिशवी. मी खाली गेले. "वर चला," म्हटलं. म्हणाले, "नको. पुढच्या वेळी." पिशवी देऊन गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. मी परत शांती नगरात आहे, पण रविवारी आम्ही दोघं गोडदेवात जातो. मी वर जाते, हे खाली थांबतात. कधी शहाळी, कधी औषधं, कधी नुसते उभे. मी वरून त्यांना कोकम सरबत नेऊन देते, ते पितात, भांडं परत देतात, "कशी आहे?" विचारतात. मी म्हणते, "वर जाऊन बघा." ते दुकानातल्या पाट्या वाचायला लागतात.

गेल्या रविवारी वन्सं खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. पडदा थोडा बाजूला होता. बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "केस किती पिकले गं बाबूचे. उन्हात उभा राहतो वेडा. त्याला म्हणावं, टोपी तरी घालत जा."

मी खाली गेले आणि सांगितलं, "ताई म्हणतायत, टोपी घालत जा."

यांनी झटकन वर बघितलं. मीही बघितलं. पडदा हलत होता. खिडकीत कोणी नव्हतं, वन्सं बाजूला सरकल्या होत्या.